मोबाईल जमा

“त्यांच्या हातावर पेनानं नंबर लिव,” वाघोलीहून निघताना सोजरबाई म्हणाल्या होत्या. “हल्ली घरचा रस्ताबी चुकत्यात.”

“अहो आई, आप्पा काय बालवाडीत आहेत?” तनुजा हसली होती. “वेळ आलीच तर मोबाईलमध्ये फोटो आहे की.”

आता ती संग्रहालयाच्या खिडकीशी उभी होती. कडेवर तीन वर्षांची संस्कृती, आणि सासरे कुठेच नाहीत. मुलीच्या बुटाचा बंद बांधायला ती वाकली, तेवढ्यात आप्पासाहेब दिसेनासे झाले. तिनं सगळी दालनं पालथी घातली. मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यापलीकडे मंडईकडे जाणारा रस्ता, बस, टेम्पो.

“फोटो दाखवा,” खिडकीतल्या विमलाबाई म्हणाल्या.

“मोबाईलमध्ये आहे.”

“आणि मोबाईल?”

“तुमच्याकडे. आत फोटो काढायला बंदी, म्हणून जमा केला ना.”

“टोकन द्या मग.”

तनुजानं पर्स चाचपली आणि तिला आठवलं. टोकन आप्पांनीच मागून घेतलं होतं. ‘दे माझ्यापाशी. येवढं तरी सांभाळतो की मी.’

“टोकन त्यांच्याकडे आहे.”

“छान. म्हणजे टोकनासाठी आजोबा हवेत, आणि आजोबांसाठी टोकन.” मग विमलाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. “टोकनाशिवाय कप्पा उघडला तर माझी नोकरी जाईल हो. साहेबांना बोलावलंय. तोवर माझ्या फोनवरून मिस्टरांना लावा.”

इंद्रजीतचा नंबर. सुरुवातीचे अठ्ठ्याण्णव आठवले, पुढे काहीच नाही.

“बरं, अंगात काय होतं?”

“पांढरा सदरा... की फिका निळा?” दारातच तिघांचा फोटो काढला होता. तेव्हा तिनं पाहिलं ते फक्त तिघांची डोकी चौकटीत येतात का, एवढंच.

“आजोबा कुठं गेले?” संस्कृतीनं विचारलं. तनुजानं तिला इतकं घट्ट आवळलं की पोर कळवळली.

ती तिकिटाच्या रांगेकडे वळली.

“अहो, तुम्ही आत चाललात ना? जरा बघाल? आमचे सासरे आहेत. उंच, हात पाठीमागे बांधून चालतात. पाटी दिसली की थांबतात, अक्षर न् अक्षर वाचतात. दिसले तर ‘हरवलात का’ असं विचारू नका. घाबरतात, मग रागानं भलतीकडेच चालू लागतात. नुसते शेजारी उभे राहा. ते तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांचं वाचून होईतो ऐकत राहा. मी येतेच.”