तोर्लाइफच्या वाटची मूठ

“ताई, तो कोयता जरा खाली ठेव,” ओस्मुन दारातूनच म्हणाला.

मी ठेवला नाही. दुपारी आईची शवपेटी निघायची होती आणि जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या बारीक तोडायच्या राहिल्या होत्या. आमच्याकडे उंबऱ्यापासून फाटकापर्यंत हा हिरवा चुरा पसरतात, मगच गेलेलं माणूस घराबाहेर पडतं. पसरायचा मुलानं. आईचा मुलगा, माझा भाऊ तोर्लाइफ, जर्मन फौजा आमच्या देशात घुसल्या त्या वर्षीच मासेमारीच्या होडीतून पळाला. राजा आणि सरकार जिथं पळालं तिथंच, लंडनला. तिथून तो रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या देतो.

परवा इंग्रजांची विमानं आली. बॉम्ब जर्मन पाणबुड्यांच्या गोदीवर टाकायचे होते, पडले आमच्या गल्लीत. आई दुधाच्या रांगेत होती.

ओस्मुन शेजारचाच. आईच्या हातचे बटाट्याचे गोळे खाऊन वाढला आणि आता जर्मनांच्या बाजूच्या पक्षाचा बिल्ला लावून फिरतो.

“पक्षातर्फे मोठा हार येतोय, बँडही येईल. तू फक्त पेपरवाल्याशी दोन शब्द बोल. लंडनवाल्यांनी आई मारली, एवढंच. खोटं आहे का?”

खोटं नव्हतं, म्हणून तर अंगाची लाही होत होती.

“आणि काल तुझा भाऊ काय म्हणाला, ऐकलंस ना? नेम अचूक लागला म्हणे!”

ऐकलं होतं. लंडन ऐकायला बंदी, म्हणून तळघरात बटाट्यांखाली लपवलेल्या दुसऱ्या रेडिओला कान लावून ऐकलं होतं. मायदेशातली जनता हे सारं अभिमानानं सोसते आहे, असंही वर म्हणाला. कोण सोसतंय रे, मेल्या? कुणाला विचारलंस? सरकारनं लिहून दिलं आणि तू घडाघडा वाचलंस! अरे, त्या रांगेत तुझी आई उभी होती!

“मी कुठून ऐकणार?” मी म्हणाले. “रेडिओ तूच नाही का नेलास उचलून?”

“राग येत नाही तुला?”

“येतो ना! समोर असता तर कानफटात दिली असती. पण भाऊ माझा आहे, राजा माझा आहे. त्यांना शिव्या मी घालीन, तुला उसन्या मिळणार नाहीत. आणि भर वस्तीत गोदी कुणी बांधली? तुझ्या धन्यांनीच ना? चल, नीघ. हार आला तर शेळीपुढे टाकीन.”

“महागात पडेल, ताई.”

“पडू दे.”

जाताना तो मुद्दाम चुऱ्यावरून बूट घासत गेला. तेवढा चुरा मी झाडून काढला आणि नवा पसरला. दुपारी त्याच्यावरून आई गेली. बँड नव्हता. शेजारचे चौघे खांदा द्यायला आले, तेवढं पुरलं.

संध्याकाळी तळघरात उतरले. तोर्लाइफ बोलत होता, आवाज नेहमीसारखा खणखणीत. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी रेडिओ बंद केला, बटाट्यांखाली सारला आणि एप्रनच्या खिशात उरलेली एक मूठ जुनिपर त्याच्याजवळ ठेवली.

ही तोर्लाइफच्या वाटची. सुकली तर सुकू दे. लढाई संपून तो आला की त्याच्या हातात देईन, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत चालायला लावीन, आणि मगच विचारीन, नेम कसा लागला होता रे?