गुरुदास बोसनचे बोलपट

नीरजाने कॅसेटवरची ‘विनोदी’ लिहिलेली चिठ्ठी नखाने उचकटून काढली आणि तिच्या जागी ‘युद्धपट’ अशी नवी चिकटवली. पडवीत बाकावर बसून सुपारी कातरणाऱ्या गुरुदासने ते पाहिलं आणि अडकित्ता बाजूला ठेवला.

“काय केलंस गो ता?”

“बाबा, ह्यो विनोदी न्हय. त्या शिपायाक कोर्टात फाशी सांगतत. मी परवा पुरो बघलंय.”

“फाशी? अगो, तो जावय आसा. सासरवाडीचो बोकड चोरल्यान म्हणान पंचांनी तेका उभो केल्यानी.”

“पंच न्हय, लष्कराचे अधिकारी.”

“तुका म्हायत काय माका? ती कॅसेट मी ओडेसा बंदरात घेतलंय!”

नीरजाने वाद घातला नाही. हीच तिची सवय गुरुदासच्या डोक्यात जायची. ती फक्त गालातल्या गालात हसली आणि पुढची कॅसेट उचलली.

गेला पंधरवडाभर घरात हेच चाललं होतं. देवबागला पाहुण्यांची काही कमी नव्हती. ते दिवसभर पॅराशूटला लटकायचे, डॉल्फिन बघायचे, सुरमई खायचे, पण सूर्य बुडाला की करायचं काय, हा त्यांचा प्रश्न असायचा. मुलगा यज्ञेश आणि सून नीरजाने मिळून होमस्टे चालवायला घेतला तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर शोधणं चालू होतं, आणि ते नीरजाला सासऱ्याच्या माळ्यावर सापडलं. लग्नाआधी ती कुडाळला ग्रंथालयात नोकरीला होती. त्यामुळे जी वस्तू दिसेल तिला वर्ग लावून मोकळं व्हायची तिला खोडच होती. तिने सगळ्या कॅसेटी खाली उतरवल्या, बुरशी पुसली, यज्ञेशला गोव्याला पिटाळून त्या कॉम्प्युटरमध्ये भरून आणल्या. वर कॉम्प्युटरवर असं काहीतरी चढवलं, की सिनेमातला माणूस कुठल्याही भाषेत बोलो, खाली मराठी अक्षरं उमटायची.

गुरुदासचं दुखणं होतं ते या अक्षरांचं.

मालवाहू बोटींवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून त्याची हयात गेली. कुणी बंदरातून अत्तरं आणायचे, कुणी ब्लँकेटं. गुरुदास सिनेमा आणायचा. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. वेष्टनावरचं चित्र बघून घ्यायचा. घोडे, तोफा, भुतं, नवऱ्या मुली, टोप्या घातलेले चोर, जे मिळेल ते. सुट्टीवर आला की टीव्ही बाहेर घरापुढच्या खळ्यात यायचा, आजूबाजूची घरंच्या घरं ओस पडून खळं भरायचं. मग गुरुदास आवाज बंद करायचा, टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि पडद्यावरच्या प्रत्येकाचं बोलणं स्वतः बोलायचा. राजाचं, राणीचं, पोलिसांचं, घोड्याचंसुद्धा. पोरवयात त्याने दशावतारात दोन-चार हंगाम काढले होते. तिथे लिहून दिलेलं काही नसतं, तोंडाला रंग लागला की जे सुचेल ते आपल्या अकलेने बोलायचं. त्याने तोच हिशेब पुढे चालवला. सिनेमा विनोदी की भुताचा, हे सिनेमा काढणाऱ्याने ठरवलेलं नसायचं. ते गुरुदास ठरवायचा.

आणि आता सून निघाली होती हे सगळं नीट करायला. ज्या भुताच्या सिनेमाने अर्ध्या देवबागची झोप उडवली होती, तो झोपेत चालणाऱ्या एका श्रीमंत बाईच्या आजारपणाचा निघाला. ‘देवाचा’ म्हणून ज्याच्यापुढे नारळ ठेवला जायचा, त्यातले झगेवाले साधू बँक लुटायला निघालेले दरोडेखोर होते. ही बातमी कुंपणाच्या गडग्यापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. शेजारचा परशुराम तावातावाने आला.

“गुरुदासा, मेल्या, त्या साधूंच्या पाया पडलंय रे मी!”

“पडलंस तर काय झाला? पाया पडान तुजा वाकडा झाला काय?”

“चोरांच्या पाया पडलंय!”

“ते माज्या सिनेमात साधू हुते. आता हिच्या सिनेमात चोर झाले, तेका मी काय करू?”

परशुराम गेला, पण जाता जाता हसला. गुरुदासला ते हसणं फार लागलं. आपण चाळीस वर्षं लोकांना करमणूक दिली की थापा, असं आता कुणी उघड विचारायचंच काय ते बाकी होतं.

तरीही हे सगळं त्याने गिळलं असतं. बोकड चोरणारा जावई फासावर गेला तर जावो. त्याला धास्ती होती ती एकाच सिनेमाची, आणि नीरजाचा हात अजून त्या ढिगापर्यंत पोचायचा होता.

ती कॅसेट ग्रीसमधली. वेष्टनावरचं बंदर देवबागसारखं दिसलं म्हणून घेतलेली. तिच्यातली गोष्ट मात्र गुरुदासला पक्की ठाऊक होती, कारण बोटीवर एका ग्रीक फिटरसोबत त्याने ती पाहिली होती आणि त्या बाबाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नाक पुसत पुसत, सगळी समजावून सांगितली होती. नवरा बोटीवर जातो. बायको रोज धक्क्यावर येऊन उभी राहते. शेवटी एक दाढीवाला माणूस पिशवी घेऊन दारात येतो. तो नवऱ्याचा सोबती असतो. नवरा बुडाला आहे आणि पिशवीत त्याचे कपडे आहेत.

गुरुदासने ती पहिल्यांदा खळ्यात लावली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला बोटीवर निघायचं होतं. असा सिनेमा त्या दिवशी लावण्यात शहाणपण नव्हतं, हे त्याला दाढीवाला दारात आल्यावर कळलं. त्याची बायको सुगंधा अगदी पुढे बसली होती, मांडीवर झोपलेला यज्ञेश. ती पडद्याकडे बघत नव्हती, गुरुदासकडे बघत होती. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “वळखूक नाय गो? दाढी वाढली म्हणान काय झाला, मीच तो!” झालं, दाढीवालाच नवरा ठरला. पुढच्या दृश्यात बाई काळे कपडे घालून आली. गुरुदासने क्षणभरही न अडखळता सांगितलं, की त्यांच्याकडे घोव परत आला की काळं नेसतात, आपल्याकडे हिरवं नेसतात तसं. बाई रडायला लागली. ती आनंदाने.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, बोटीवर निघायच्या आदल्या संध्याकाळी, सुगंधा दरवेळी एकच सांगायची. “ती दर्यावरची लावा.” आणि दरवेळी तो दाढीवाल्याला घरी आणायचा.

आता या वयात सुगंधा आपल्या डोळ्यांनी खालची अक्षरं वाचणार. ज्याच्या परत येण्यावर आपण इतकी वर्षं विसंबून राहिलो तो मेलेला होता, हे तिला कळणार, आणि नवऱ्याने तोंडावर थाप मारली होती हेही. गुरुदासला हे कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायचं नव्हतं. त्याने दुपारी सगळे झोपलेले बघून ती कॅसेट उचलली आणि भाताच्या पिंपात खोल दडवली.

संध्याकाळी नीरजाने विषय काढला.

“बाबा, शनिवारी पावण्यांका पयलो सिनेमा दाखवूया. ग्रीसचो.”

“ती कॅसेट गेली. बुरशी लागली.”

“कॅसेट कशाक व्हयी? ती कॉम्प्युटरात आसा. आणि सगळ्यात स्वच्छ तीच इली.”

“घोड्यांची लाव. पावण्यांका घोडे आवाडतत.”

“आईंनीच सांगल्यानी. पयली तीच लाव म्हणान.”

गुरुदास तडक स्वयंपाकघरात गेला. सुगंधा खाली बसून नारळ खवत होती.

“ती ग्रीसची कशाक काढलंस गो? सतरा सिनेमे पडले आसत थंय.”

“माका बघूची आसा.”

“इतक्या येळा बघलंस, अजून पोट भराक नाय?”

“नाय,” ती म्हणाली आणि दुसरी वाटी उचलली.

आता या बाईला सांगायचं तरी काय, आणि कुठल्या तोंडाने? गुरुदासने हात टेकले. शनिवारपर्यंत तो घरात कुणाशी धड बोलला नाही. आमटीत मीठ कमी आहे म्हणून चिडला, नंतर जास्त आहे म्हणून चिडला. यज्ञेशने विचारलं, “बाबा, तुमका बरा नाय काय?” तर त्याच्यावरही खेकसला.

शनिवारी दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधली गेली. एरवी आभाळात टीचभर ढग आला की देवबागात वीज जायची. त्या दिवशी गुरुदासने मनोमन वेतोबाला साकडं घातलं तरी दिवा साधा लुकलुकलासुद्धा नाही. नाशिकचं एक कुटुंब होतं, पुण्याची चार तरुण मंडळी होती, गडग्यावर परशुराम. नीरजाने पाहुण्यांपुढे उभं राहून शुद्ध मराठीत सांगितलं, “हे सिनेमे माझ्या सासऱ्यांनी जगभरातून जमवलेत. आजचा ग्रीक आहे. भाषांतर खाली दिसत राहील.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुदास सगळ्यात मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. स्वतःच्या खळ्यात, स्वतःच्या सिनेमाला, तो पहिल्यांदाच गप्प बसला होता. चादरीवर माणसं बोलत होती, खाली अक्षरं धावत होती आणि नाशिकच्या बाई आपल्या मुलीला ती हळूच वाचून दाखवत होत्या. सुगंधा पुढच्या रांगेत. तिची पाठ हलत नव्हती. तिच्याकडे बघवेना म्हणून तो चादरीकडे बघायचा आणि चादरीकडे बघवेना म्हणून तिच्याकडे.

बाई धक्क्यावर आली, परत गेली. पुन्हा आली. मग दारावरची थाप.

सुगंधा उठली. तिला आता पुढचं वाचवणार नाही, ती आत निघून जाणार, असं गुरुदासला वाटलं. पण ती नीरजाकडे गेली.

“थांबव ता. ती अक्षरां बंद कर. आवाजय बंद कर.”

“आई, आता शेवट इलो. पावणे...”

“शेवट हे सांगतले.”

चित्र थबकलं. पाहुण्यांत कुजबुज झाली. सुगंधा मागे गुरुदासपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “उठा. फुडे जावन बसा.”

गुरुदास उठला नाही.

“तुका म्हायत हुता?”

“पयल्याच दिसाक.”

“कोणी सांगल्यान?”

“सांगूक कशाक व्हया? ती बाय पिशयेतलो शर्ट काढून नाकाक लावता. घोव दारात उभो आसताना त्येचो शर्ट कोण हुंगता? तुमी सांगलास, धुवक काढता. धुवक काढताना कोणी रडता?”

गुरुदासला एकदम राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला सगळाच राग.

“मगे इतकी वर्सां बोललंस नाय ती? मी हयसर घसो फोडतंय, काळ्या लुगड्याची कारणां शोधतंय, आणि तू मजा बघतंस?”

“बोललंय आसतंय तर तुमी सांगूचा सोडलास आसतास.”

“आणि परत दरवेळी तीच लावूक सांगी हुतंस!”

सुगंधाने पदर खांद्यावरून ओढून घेतला. पाहुणे वळून बघत होते, तरी तिने आवाज वर केला नाही की घाई केली नाही.

“दुसऱ्या दिसाक तुमी जातलास. माका सगळा दिसायचा, त्या बायच्या तोंडार लिवलेलाच आसा. पण तुमी तेका घराक हाडायचास. तुमच्या तोंडान तो एकदा घराक इलो काय मगे माका तुमची ब्याग भरूक जमायची. नायतर माज्यान हात उचलूचो नाय.”

एवढं बोलून ती पुढच्या रांगेत आपल्या जागी जाऊन बसली.

गुरुदास उभा राहिला. पाहुण्यांच्या मधून वाट काढत चादरीपाशी गेला. यज्ञेशने कुठूनसं एक स्टूल आणून ठेवलं, त्यावर तो बसला. सगळं खळं त्याच्याकडे बघत होतं. त्याने समोर बघितलं तर सुगंधाही.

“बाबा, लावू?” नीरजाने विचारलं.

दाढीवाला पिशवी घेऊन दारात तसाच उभा होता.

“थांब गो!” गुरुदास तिच्यावर खेकसला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. “माणसाक जरा घसो साफ करूक देतलंस काय नाय?”