नमुन्याचा जॉब

माझं नाव बाळ. वय एकोणसाठ. आईवडिलांनी मोठेपणी चालेल असं नाव ठेवायचा आळस केला, त्यामुळे आमच्या कॉलेजातली सहा फुटी पोरं मला ‘बाळ सर’ म्हणतात आणि त्यात कोणालाच काही विनोदी वाटत नाही.

कॉलेज मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालेली मुलं इथे वर्षभर राहून मरीन इंजिनिअरिंग शिकतात आणि मग जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरीला लागतात. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, पण पहाटे पांढरे गणवेश, परेड, सॅल्यूट, सगळं अगदी जहाजावरच्यासारखं. मी वर्कशॉपमध्ये फिटिंग शिकवतो. म्हणजे हातात कानस देतो आणि महिनोन्‌महिने लोखंड घासायला लावतो. इंजिनिअर झालेल्या मुलांना हा अपमान वाटतो. वाटू दे. भर समुद्रात एखादा भाग मोडला, तर तिथे दुकान शोधत फिरता येत नाही. जे करायचं ते हातानंच.

आता खरं ते सांगतो. मला या मुलांचा हेवा वाटतो. अकरा वर्षं शिकवतोय, चारशेच्या वर मुलं माझ्या हाताखालून जहाजावर गेली. सिंगापूरहून, ब्राझीलहून फोटो पाठवतात. मी उत्तरादाखल अंगठा टाकतो आणि मोबाइल पालथा ठेवतो. “अहो, निदान फोटो मोठा करून बघा तरी,” असं माझी बायको कुसुम म्हणते. मी बघत नाही. माझं पोट दुखतं.

त्याला कारण आहे. एक्याण्णव साली मी पिंपरीच्या एका इंजिन कारखान्यात फिटर होतो. जहाजावरही फिटर लागतो, म्हणून मुंबईला एका कंपनीची परीक्षा दिली. आठ तासांत एक जॉब करायचा होता. लोखंडी पट्टीत एक खाच आणि त्या खाचेत बसणारा चौकोनी तुकडा. तुकडा चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे, आणि खिडकीसमोर धरला तर सांध्यातून उजेड दिसता कामा नये. सत्तावीस जणांत माझा पहिला आला. साहेबानं जॉब मला भेट दिला आणि आठवड्यात पत्र पाठवलं. मी गेलो नाही. आईनं रडून अडवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

तो जॉब वर्कशॉपमधल्या माझ्या खणात असतो. दर वर्षी पहिल्या दिवशी मी तो मुलांच्या हातात देतो, त्याची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, “असा करून आणा, दहापैकी दहा देतो.” आजवर कोणाला दहा दिलेले नाहीत. एकदा नऊ दिले होते, आणि त्याचाही मला नंतर पश्चात्ताप झाला.

यंदाच्या बॅचमध्ये मिसबा आली. चाळीस जणांत एकटी मुलगी. बॉयलर सूटच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, बोलणं कमी. मला ती आधी दिसली नाही, ऐकू आली. बाकीची पोरं कानस अशी चालवतात की लोखंडानं त्यांचं काही वाईट केलंय असं वाटावं. त्या गोंगाटात कोपऱ्यातून एक सारखा, न अडखळणारा आवाज येत होता. तसा आवाज यायला मला कारखान्यात सहा वर्षं लागली होती. त्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

मग मी माझे उद्योग सुरू केले. “कोपर खाली घे,” म्हणायचो. कोपर जिथे असायला हवं तिथेच होतं. नव्या कानशी आल्या तेव्हा तिला मुद्दाम झिजलेली दिली. तिनं त्या कानशीनंही काम काढलं. माझा आणखी जळफळाट झाला.

मार्चमध्ये एका शिपिंग कंपनीनं आमच्याकडून दोन मुलं घ्यायचं ठरवलं. मिसबाचा इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं, राहिला फक्त वर्कशॉपचा शेरा. तो द्यायचा मी, कंपनीला पाठवायचा श्यामसुंदर साहेबांनी. हे आमचे ट्रेनिंगप्रमुख, निवृत्त चीफ इंजिनिअर, सव्वीस वर्षं समुद्रावर काढलेले. त्यांचाही मला हेवा वाटतो, पण ते आता जुनं दुखणं झालंय.

गुरुवारी मिसबानं जॉब आणून दिला. मी खिडकीसमोर धरला. उजेड नाही. तुकडा फिरवला. नाही. चारही बाजूंनी बघितलं. जणू ते दोन तुकडे नव्हतेच.

“बाहेरून मशीनवर घासून आणलंस?” मी विचारलं.

“नाही सर. इथेच केलाय. तुम्ही बघत होतात की रोज.”

“मला शिकवू नकोस. हातानं असं होत नाही.”

मशीनच्या रेघा आणि हाताच्या रेघा यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. त्या हाताच्या होत्या. माहीत असून मी कागदावर लिहिलं, ‘जॉब बाहेरून करून आणल्याचा संशय,’ आणि तो कागद श्यामसुंदर साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“संशय की खात्री?” त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. “कारण उद्या दुपारी मी हे पाठवलं, की तिची जागा गेली. कंपनी चौकशी करत बसत नाही.”

“पाठवा,” मी म्हणालो.

संध्याकाळी नारायण पेठेत घरी आलो, कुसुमनं चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूनं. शेवटी म्हणालो, “या आजकालच्या मुलांना सगळं आयतं मिळतं. आमच्या वेळेला एक संधी आली, ती आईनं घालवली.”

कुसुमनं कपात चहा गाळला. “सासूबाई तर मला सांगायच्या, तुमची बॅग त्यांनीच भरली होती. शंकरपाळ्यांच्या डब्यासकट. मग म्हणे तुम्हीच दार लावून बसलात. शेवटी डबा शेजारच्यांना दिला.”

“हे तुला चौतीस वर्षं माहीत होतं?”

“लग्नाला एकतीस झाली,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं.”

मी कप बाजूला सारला. परीक्षा झाल्यावर मुंबईतच गोदीत जहाज बघायला गेलो होतो. धक्का आणि जहाज यांच्या मधे वीतभर जागा होती, तिच्यात खाली काळं पाणी डुचमळत होतं. ते बघून मला भीती वाटली आणि जहाजावर पाय न ठेवताच मी परत फिरलो. एवढंच झालं होतं. आई बिचारी माझ्यासाठी चौतीस वर्षं वाईट ठरली.

शुक्रवारी सकाळी वर्कशॉप उघडायला गेलो, तर मिसबा दारात उभी. डोळे सुजलेले.

“सर, तुमच्यासमोर करते. एक बाजू तरी करू द्या. मग लिहा काय लिहायचं ते.”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कुलूप काढलं. तिनं नवा तुकडा शिकंज्यात धरला आणि कामाला लागली. मी शेजारी उभा राहिलो. पाऊण तास तोच सारखा आवाज. काही वेळानं मी नकळत त्या लयीत मान हलवत होतो, हे लक्षात आल्यावर थांबवली.

“कुठे शिकलीस?”

“अब्बांचं किल्ल्यांचं दुकान आहे सर, रविवार पेठेत. युसूफ की मेकर. मी सातवीपासून बसते. किल्लीचा एक दात जरी चुकला ना, तर गिऱ्हाईक पाच मिनिटांत परत येतं, आणि सगळ्या गल्लीला ऐकवतं.”

बाजू झाली. मी गुण्या लावून काटकोन तपासला. बोलायला जागा नव्हती. तरी माझा कंड जिरला नाही. खण उघडून माझा जॉब काढला. “हे बघ. फिटिंग याला म्हणतात,” असं म्हणून तो खिडकीसमोर धरला.

सांध्यातून उजेड आला. उजव्या बाजूनं, केसाएवढी रेघ, पण वरपासून खालपर्यंत. तुकडा फिरवला, तर दोन बाजूंनी आला. दर वर्षी मी तो मुलांच्या हातात देत होतो. स्वतः उजेडात धरून किती वर्षं झाली होती कोण जाणे. आणि एवढ्या मुलांपैकी एकानंही मला सांगितलं नव्हतं.

मिसबा माझ्या खांद्याशी उभी होती. तिनं बघितलं होतं.

“चारशे मुलांनी काढघाल केलीय सर,” ती हळूच म्हणाली. “झिजणारच.”

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं, आमच्या पेठेत ते बाळकडूच असतं. मी जॉब खणात ठेवला आणि श्यामसुंदर साहेबांच्या केबिनकडे निघालो. अकरा वाजले होते.

“शेरा मागे घेतो,” मी म्हणालो. “जॉब तिनं स्वतः केलाय.”

“हे आज कळलं?”

“नाही. कालच माहीत होतं.”

“मग लिहिलंत का तसं?”

सांगण्यासारखी चार कारणं तयार होती. पण सव्वीस वर्षं समुद्रावर काढलेला तो माणूस समोर बघत होता, आणि मला त्या कारणांचाच एकदम कंटाळा आला. “हेवा वाटला,” मी म्हणालो.

त्यांनी कालचा कागद फाडला. मग कोरा कागद पुढे सरकवला. मी दहापैकी दहा लिहिले आणि सही केली.

“यापुढे तुमच्या मार्कांवर माझीही सही लागेल,” ते म्हणाले. अकरा वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. मी मान डोलावली.

मिसबाची निवड झाली. जूनमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, ती वर्कशॉपमध्ये आली. मंगळवारी सिंगापूरला जहाजावर चढायचं होतं.

“माझा जॉब मिळेल का सर? अब्बांना दुकानात लावायचा होता.”

“नाही. तपासणीला लागतो. इथेच राहणार.”

“मग तुमचा द्या.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. तशी दिसत नव्हती. “राग नाही आला तुला माझा?” मी विचारलं.

“आला ना सर. अजून आहे.”

“मग हा कशाला?”

“जॉब चांगला आहे म्हणून. आणि तुम्ही तो जहाजासाठीच केला होता ना?”

मी खण उघडला. जॉबला तेल लावलं, फडक्यात गुंडाळला, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. “खाऱ्या हवेत गंज चढतो,” मी म्हणालो. “महिन्यातून एकदा तेल लावत जा.” तिनं मान हलवली, पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली, चेन ओढली आणि निघाली.

मी दारात उभा राहून बघत होतो. गेटपाशी तिचे अब्बा स्कूटर घेऊन आले होते. ती मागे बसली, सॅक मांडीवर घेतली. चौतीस वर्षं उशिरा का होईना, तो जॉब जहाजावर चालला होता. आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्या लोखंडाच्या तुकड्याचा हेवा वाटला.