भागूबाईच्या आठ जणी

आमच्या केंद्रात एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात. माणसांचा हिशेब मात्र चोख द्यावा लागतो. तो मी कॉम्प्युटरवर भरतो. आला, नाही आला, वारला असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना बेपत्ता. लागोपाठ तीन महिने कुणी औषधाला आलं नाही की त्याला मी तिथं टाकतो. इथं येणारी माणसं सगळ्यात जास्त खोटं बोलतात ती पत्त्याबद्दल, त्याखालोखाल दारूबद्दल. मी दोन्ही जसं सांगितलं तसं लिहून घेतो.

डॉक्टर अदीबा शिकाऊ होत्या. कोणत्या भागातले रुग्ण औषधानं सुधारले आणि कोणते मागे राहिले, असा त्यांच्या प्रबंधाचा विषय. माझे तक्ते चाळत त्या चितेगावच्या ओळीशी आल्या आणि थांबल्या. पैठण रोडवरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आठ बायका, आणि आठही बेपत्ता.

केंद्राच्या साहेबांनी तक्त्यावर नजर टाकली न टाकली. "लिहा. ग्रामीण महिलांमध्ये उपचाराबाबत उदासीनता." साहेबांचं हे आवडतं वाक्य. मागच्या तीन प्रबंधांत मीच ते टाईप केलं होतं.

अदीबा मॅडमनी मान हलवली आणि सरळ औषधाच्या खिडकीशी गेल्या. तिथं आमचा औषधवाला रामकिसन बसतो. त्याचं साठ्याचं रजिस्टर त्यांनी उघडलं.

"रामकिसनभाऊ, या आठ जणी दोन वर्षं आल्याच नाहीत. मग दर महिन्याला आठ बाटल्या जास्तीच्या जातात कुठं?"

रामकिसन कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधायला लागला. "उंदीर लई झालेत, मॅडम."

"झाकण उघडून गोळ्या खातात आणि बाटलीपण घेऊन जातात? माशाअल्लाह, हुशार उंदीर आहेत तुमचे."

मग तो बोलला. चितेगावची भागूबाई दर महिन्याला पिशवीत औषधाच्या नोंदीची नऊ हिरवी पुस्तकं घेऊन येते, एक स्वतःचं आणि आठ बाकीच्यांची. रामकिसन नऊ बाटल्या देतो. पण रुग्णानं स्वतः यायचं असा साहेबांचा नियम, म्हणून आठ जणींची हजेरी तो माझ्याकडे पाठवत नाही. औषध घरी पोचायचं आणि बाई कॉम्प्युटरात हरवायची. त्याच्या टेबलापासून माझं टेबल आठ पावलांवर. भागूबाई खिडकीशी जरा जास्तच वेळ थांबते, हे मलाही दिसत होतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

आता हे साहेबांना सांगणं भाग होतं. पुढच्या मंगळवारी, चितेगावच्या औषधाच्या दिवशी, भागूबाई आली तेव्हा आम्ही सगळे साहेबांच्या खोलीत उभे होतो. पन्नाशीची बाई, डोक्यावर बांगड्यांची पाटी. घरोघर बांगड्या भरणं हा तिचा धंदा.

"तुम्ही दुसऱ्यांची औषधं नेता?" साहेब म्हणाले.

"व्हय. मग कोन नेनार? माझा मालक ह्याच रोगानं गेला, सगळ्या गावाला ठावं हाय. माझं झाकायचं काय ऱ्हायलंय? त्यांचं झाकलेलं हाय अजून. बांगड्या भरायला कुनाच्या बी घरात जाता येतं. बांगड्यांच्या खाली बाटली."

"त्यांनी यावं की स्वतः."

"मंगळवारी? एक खाडा झाला की मुकादम इचारतो, कुठं गेलतीस. दुसऱ्या खाड्याला मागं मानूस लावतो. कळलं की काम गेलं, आन् ठेकेदाराचीच खोली, ती बी गेली. ती मेघा तर लग्न होऊन आली त्याला तीन वरसं झाली. नवऱ्याला ठावं हाय, सासूला नाय."

साहेबांनी पेन ठेवलं. "पुढच्या महिन्यापासून तुमच्या हाती फक्त तुमचीच बाटली. त्या गोळ्या खातात कशावरून?"

"हातावरून."

"म्हणजे?"

"सोनियाला पयल्यांदा बांगडी भरली तवा सव्वादोनची निस्ती गळून पडायची. गोळ्या सुरू झाल्या आन् वरसात त्याच्याहून मोठी दोन-सहा लागायला लागली. औंदा आनखी मोठी, अडीच. हात भरला की मला बोटांना कळतं, सायेब. आन् जी गोळी चुकवती तिचा हात बी मला सापडतो. मग मी तिला भर आंगनात शिव्या घालते, बांगडी फोडली म्हनून. ती काय समजायचं ते समजती."

साहेब हसले. हसू वाईट नव्हतं, पण साहेबांचं होतं. "बांगडीचं माप प्रबंधात चालत नाही, बाई."

"रक्ताचा रिपोर्ट चालेल ना, सर?" अदीबा मॅडम पटकन म्हणाल्या. रक्तात विषाणू किती उरलाय याची तपासणी असते. औषध नियमित खाल्लं तर तो सापडत नाही. या आठ जणींची ती दोन वर्षांत एकदाही झाली नव्हती. कारण नमुन्यांची गाडी मंगळवारी अकराला निघते आणि त्यांच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. "सर, एक शुक्रवार द्या. गाडीचं मी बघते."

"दिला. पण एकीचा जरी रिपोर्ट बिघडला तरी बाटल्या बंद."

भागूबाईनं पाटी उचलली. "आठी आनते," म्हणाली. दारातून मागं वळून रामकिसनला म्हणाली, "उंदीर म्हनला व्हय मला?"

शुक्रवारी नऊ बायका शहरात आल्या, लग्नाच्या बांगड्या घ्यायला. गावात तसं सांगून आल्या होत्या आणि खोटं ठरू नये म्हणून आधी खरंच बाजारात जाऊन बांगड्या घेतल्या. मग एकेक करून औषधाच्या कोठीत. बाहेरच्या बाकांवर कुणाला दिसायला नको, म्हणून रक्त तिथंच घेतलं. रामकिसननं खोक्यांवर चादर टाकून खुर्ची तयार केली होती. दोन वर्षं ज्यांना मी बेपत्ता म्हणत होतो त्यांना पहिल्यांदा पाहिलं. एकीनं तर मला, चहा मिळंल का, असं विचारलं. बेपत्ता माणसानं चहा मागावा याची मला सवय नव्हती. आणून दिला.

दहा दिवसांनी सात रिपोर्ट आले. सातही जणींच्या रक्तात विषाणू आढळलाच नाही. आठवा मेघाचा, तो आला नव्हता.

भागूबाई रोज दुपारी रामकिसनच्या मोबाईलवर फोन करायची. चौथ्या दिवशी तिनं अदीबा मॅडमना मागितलं.

"डाक्टरीनबाई, एक सांगायचं ऱ्हायलं. मेघा दिवाळीत माहेरी गेलती, बाटली इथंच इसरली. धा दिस गोळी नाय. आली तवा बांगडी सैल लागली व्हती मला. लई बोलले मी तिला."

"मौशी, हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर सायबानं शुक्रवार दिला असता का?"

मॅडमनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लिफाफा आला. तो त्यांनी माझ्या टेबलावरच फोडला. मर्यादा हजाराची असते. मेघाचा आकडा दोनशे दहा.

"पास!" मॅडम ओरडल्या. बाकांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. रामकिसन खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि तिथंच अडकला.

त्याच दुपारी मी तक्ता नव्यानं काढला. चितेगाव, भागूबाई धरून नऊपैकी नऊ. सगळ्यात वरची ओळ. खालून दुसरी निघाली ती शहरातल्या चांगल्या वस्तीची. गाडीतून येणारी, दर महिन्याला स्वतः सही करणारी, माझ्या रकान्यात कधीही न चुकलेली मंडळी. दहापैकी तिघांच्या रक्तात विषाणू मजेत होता. औषध नेत होते, खात होते की नाही हे त्यांच्या हाताला हात लावून विचारणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. माणूस हट्टी आहे, पण आकड्याशी भांडत नाही. उदासीनतेचं वाक्य त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडलं. मग भागूबाईला बोलावून कागदावर सही केली. औषध पोचवणारी म्हणून तिची रीतसर नोंद, एकदम तीन महिन्यांच्या बाटल्या, आणि महिन्यातला एक शुक्रवार रक्ताच्या नमुन्यांसाठी.

"तुमच्या नावाची नोंद केली तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"ठळक लिवा. भागूबाई."

अदीबा मॅडमनी तिचा हात धरला. "मौशी, माझ्या प्रबंधात हात मोजायची तुमची रीतपण लिहिते."

"लिवा की. पन पुरं लिवा." ती साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. "करमाडच्या तिघी जणी औषध सोडून बसल्यात. मुकादमाच्याच भ्यानं. आता शुक्रवार गावलाय म्हनल्यावर येतील त्या. नावं सांगते, बघा तुमच्यात हाईत का."

तिनं नावं सांगितली. तिन्ही माझ्या शेवटच्या रकान्यात होती.

"पुढच्या शुक्रवारी अकरा जणी," साहेब मला म्हणाले. "आणि चहाचं सांगून ठेवा."