वेशीतली राही

शहर वसल्याचा वर्धापनदिन जवळ आला तशी समितीच्या अंगात वारं शिरलं. साल चौऱ्याहत्तर. टळटळीत दुपारी जुन्या वेशीसमोर मांडव, हलगी, लाउडस्पीकर. आष्ट्यापासून पाचगणीपर्यंतचे पाहुणे. ज्यांच्या वाडवडलांनी शहर वसवलं, त्यांना फेटे बांधणं चाललं होतं.

कडेच्या खुर्चीवर पारूबाई बसली होती. तिच्या सासरची कुणे एके काळची एक पोटुशी सून, राही, याच वेशीत जिवंत चिणली गेली होती. भिंत उभी राहत नव्हती म्हणे. तेव्हापासून शहर दरवर्षी वेशीची ओटी भरायचं आणि त्या घराला मानाचं लुगडं द्यायचं. नाव मात्र कुणी घेत नसे. ते सासूनं सुनेला सांगायचं, तेवढंच उरलं होतं. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि पारूबाईनं लुगडं परत धाडलं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आज ती आली होती एकाच बोलीवर: राहीचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं, आणि तिला बळजबरीनं चिणली हेही सांगायचं. समितीचे अध्यक्ष दादासो यांनी तसं कबूल केलं होतं.

माइकपुढं उभं राहिल्यावर दादासोंनी दिलेला शब्द खुशाल गिळला.

"एका माउलीनं या शहरासाठी राजीखुशीनं देह ठेवला..."

टाळ्या पडल्या. पारूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तरातरा मंचावर चढली.

"राजीखुशीनं? आवं दादासो, तुमी बघाय गेला हुता व्हय? नाव घ्या तिचं!"

"पारूबाई, चारचौघांत तमाशा नको. साडी घ्या आन् घरला जावा."

"साडी नगं. नाव घ्या."

लोक हसायला लागले. एकदाची ब्याद टळावी म्हणून दादासो माइकमध्ये ओरडले, "राहीबाई!"

"जी."

बाईचा आवाज होता. आधी वाटलं, मांडवातूनच कुणी बोललं. मग वेशीला टेकून बसलेली माणसं उठून मागं सरकली. हलगी थांबली. आवाज दगडांतून येत होता, दमलेला, तरी आदबीचा.

"धनी, झाली का भिंत बांधून? झाली की काढतो म्हणाला हुता. कवाधरनं थांबलीया. कळा येत्यात, आता काढा की भाईर."

बघता बघता मांडव रिकामा झाला. दादासोंचा फेटा मंचावरच राहिला.

पारूबाईही भ्याली. तरी ती भिंतीपाशी गेली आणि तिनं दगडाला गाल लावला.

"आले गं बाई," ती म्हणाली, आणि नखांनी चुना उकरू लागली.