पाठमोरा इंदालेसिओ

माणसाने एकदाच मरायचे असते आणि मेल्यावर पुन्हा जेवायला बसायचे नसते. याबाबतीत जगात फारसे मतभेद नाहीत. स्पेनमधल्या ताबेर्नासच्या वाळवंटातल्या ओरो सेको या गावात मात्र इंदालेसिओ रोज दुपारी बारा वाजता मरायचा, मग भाकरी-ऑलिव्ह खायचा, आणि पाच वाजता पुन्हा मरायचा. रविवारी जादा खेळ.

ओरो सेको हे खरे तर गाव नव्हे. इंदालेसिओला मिसरूड फुटत होते त्या काळात इटालियन लोकांनी ते अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या एका सिनेमासाठी उभे केले. बँक, तुरुंग, हॉटेल, दारूचा गुत्ता, चर्च, सगळे काही होते, फक्त पुढून. चर्चचे दार उघडून आत पाऊल टाकले की माणूस निवडुंगात जायचा. पुढची सात-आठ वर्षे तिथे एकामागून एक सिनेमे निघाले. मग जगाला पिस्तुलांचा कंटाळा आला आणि इटालियन लोक गाव तिथेच टाकून गेले. काही वर्षे, आता तिथल्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या एन्कार्नाच्या वडिलांच्या शेळ्या बँकेत राहत होत्या. बँक तेवढी चांगली पुढे कधी चालली नाही. एके दिवशी प्रवाशांची एक बस वाट चुकून तिथे थांबली, लोकांनी शेळ्यांसकट फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी एन्कार्नाच्या वडिलांनी रस्त्याला आडवी दोरी बांधून तिकीट लावले. हळूहळू बँकेवरचा दरोडा आला, गुत्त्यातला पाय उडवायचा नाच आला, पोपटांचे घर आले, आणि दोन उंट आले. अमेरिकेशी त्या उंटांचा संबंध काय, हे कुणी विचारले नाही. शेवटी पोहण्याचा तलाव आला, कारण अर्धा तास इतिहास पाहिला की माणसाला पाणी आठवते.

यात इंदालेसिओचे काम हॉटेलच्या सज्जातून गवताच्या गाडीत पडायचे आणि तिथून घरंगळत रस्त्यावर यायचे. हे काम तो इटालियन लोकांच्या काळापासून करत होता. पहिल्याच दिवशी तिथल्या एका साहाय्यकाने त्याला सांगितले होते, "पोरा, तोंड दाखवलंस तर एकदाच मरशील. लपवलंस तर संध्याकाळपर्यंत काम आहे." इंदालेसिओने ते मनावर घेतले. सकाळी तो दरोडेखोर म्हणून मरे, दुपारी टोपी बदलून शिपाई म्हणून. पडताना मान अशी फिरवायचा की कॅमेऱ्याला फक्त पाठ आणि डावा कान मिळावा. असंख्य सिनेमांत तो आहे आणि एकाही सिनेमात तो दिसत नाही.

आरासेली त्या सिनेमांत विधवेचे काम करायची. काळी ओढणी घेऊन प्रेतामागून चालायचे. बऱ्याचदा प्रेत इंदालेसिओचे असायचे. दुपारी दोघे चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा खात. तिच्या डब्यात नेहमी एका माणसापुरते जास्तीचे असायचे, आणि ते चुकून आले असे ती रोज सांगायची. तिला विचारायचे त्याने ठरवले होते. चित्रीकरण संपले की विचारू, म्हणून तो थांबला. चित्रीकरण संपले आणि ती भावाबरोबर जर्मनीला कारखान्यात निघाली. बस सुटताना तिने खिडकीतून मागे वळून पाहिले, आणि आपल्याकडे कुणी पाहते आहे म्हटल्यावर इंदालेसिओने सवयीने मान फिरवली.

पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली, नवरा गेला. इंदालेसिओ मरत राहिला.

मागच्या आठवड्यात औषधांच्या दुकानात तिची बहीण रोसारियो भेटली.

"आरासेली आलीय. मंगळवारी नातीला घेऊन तुमच्या त्या गावात येणारेय."

"बरं," इंदालेसिओ म्हणाला. त्याने खोकल्याचे औषध घेतले. खोकला रोसारियोला होता.

"तिकडे टीव्हीवर ते जुने सिनेमे लागले की पोरांना दाखवते म्हणे, तो बघा, तो इंदालेसिओ."

"कसं ओळखते?"

"ते तिलाच विचार ना. आता तरी विचार काहीतरी."

घरी जाताना त्याने विचार केला. तोंड तर कुठेच नाही. म्हणजे बिचारी अंदाजानेच सांगत असणार. इतकी वर्षे ती कुणा परक्याच्या पाठीकडे बोट दाखवत असेल, ही कल्पना त्याला सहन होईना. मंगळवारी तिला एकदा नीट तोंड दाखवायचे, असे त्याने ठरवले.

मंगळवारी तो दाढी करून आला.

"काका, आज कुणाचं लग्न?" खिनेसने विचारले. हा तिथला शेरीफ, म्हणजे इंदालेसिओला रोज मारणारा.

"मरायला चाललोय."

"ते रोजचंच आहे. पण अत्तर लावून?"

"आज मी उताणा पडणार," इंदालेसिओ म्हणाला.

तिकीटखिडकीतून एन्कार्नाने डोके बाहेर काढले. "कशाला? डोळ्यांत ऊन जाईल. मेलेला माणूस शिंकला तर मी लोकांना काय सांगू?"

"नाही शिंकणार."

"आणि पुढे म्हणाल, बोलू पण का. प्रेक्षक जाईपर्यंत मेलेल्यानं हलायचं नाही, एवढं तरी पाळा. नियम तुम्हीच केलाय."

बारा वाजता त्याने सज्जातून पाहिले. दुसऱ्या रांगेत पांढरे केस, गवती टोपी, शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. पाणी पिताना टोपी मागे सारायची तीच तऱ्हा. खिनेसने गोळी झाडली. इंदालेसिओ गवतात पडला, घरंगळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आभाळाकडे तोंड करून मेला. ऊन कडक होते. तो शिंकला नाही.

टाळ्या झाल्या. मग पावले जवळ आली आणि तोंडावर सावली पडली.

"आजी, हाच का तो?"

आरासेली वाकली. तिने बराच वेळ पाहिले. इंदालेसिओने श्वास धरून ठेवला होता. हे त्याच्या कामातच होते.

"छे गं. तो मरताना कधी तोंड दाखवायचा नाही. अगदी लाजाळू. मी त्याला पाठीवरून ओळखायचे, त्या कानावरून. हा कुणी नवा ठेवलाय."

"नवा? एवढा म्हातारा?"

"या कामाला हल्ली कोण मिळतंय."

एक शब्द पुरला असता. नुसती कूस बदलली असती तरी चालले असते; पाठ तिथेच होती, वाळूला टेकलेली. पण उरलेले प्रेक्षक अजून फोटो काढत उभे होते, आणि एका दिवसात दोन नियम मोडायचे इंदालेसिओच्या अंगात नव्हते.

"ऊन लागतंय बिचाऱ्याला," आरासेली म्हणाली. तिने बाजूला पडलेली त्याची टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या तोंडावर ठेवली.

टोपीखाली अंधार होता आणि अत्तराचा वास होता. तिच्या चपलांचा आवाज दूर जाताना त्याला ऐकू येत राहिला, आणि मग कर्ण्यावरून एन्कार्नाचा आवाज आला. पोहण्याचा तलाव तिकिटातच आहे. रबरी टोपी मात्र सक्तीची आहे.