उरियाचा क्रोटन

मी एक जुना क्रोटन आहे, मित्रांनो. कुणी माझी कीव करावी म्हणून मी तोंड उघडलेले नाही. कीव मी कधी मागितली नाही आणि फुकट मिळाली तेव्हाही घेतली नाही.

माझा जन्म जमैका बेटावरच्या एका साखरमळ्यातल्या मोठ्या बंगल्यावर झाला. जन्म म्हणजे काय, मी माझ्या आईची एक फांदी होतो. आई व्हरांड्यात चिनी मातीच्या कुंडीत राहायची. आमची पाने पिळलेली आणि मधली शीर डाळिंबी रंगाची. मळ्याच्या मालकीण बाईसाहेबांनी बागेतल्या प्रत्येक झाडाला तांब्याची पट्टी अडकवली होती. आईच्या पट्टीवर तर इतके लांबलचक नाव होते की ते वाचताना पाहुण्यांना धाप लागे. शहरातल्या प्रदर्शनात आईला तीन वेळा पहिले बक्षीस मिळाले. तिन्ही वेळा हार बाईसाहेबांच्या गळ्यात पडला.

पाणी घालायचा, पाने पुसायचा, किडा वेचायचा तो उरिया. त्याचा जन्म गुलामीतला. पुढे गुलामी गेली, पण पाण्याची झारी काही त्याच्या हातून सुटली नाही. बाईसाहेब त्याला "माळी" म्हणत. तीस वर्षे "माळी, इकडे ये" आणि "माळी, आंधळा आहेस का?" एवढेच. त्याच्या गळ्यात पट्टी नव्हती ना!

मग ते मोठे वादळ आले. बाईसाहेब खिडकीतून ओरडल्या, "माळी, कुंड्या आत घे!" उरियाने एकेक कुंडी आत नेली. शेवटची आईची उचलली तेवढ्यात व्हरांड्याचे छप्पर कोसळले. आई वाचली. मी मोडलो. उरिया गेला.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब माझ्यासाठी ढसाढसा रडल्या. मग म्हणाल्या, "मला बघवत नाही. जाळून टाका ती फांदी." नोकरांनी मला उकिरड्यावर फेकले. तिथून मला उचलले झिपोराने. झिपोरा उरियाची बायको. वादळाने नदीकाठच्या झोपड्या वाहून गेल्या होत्या, म्हणून ती वरच्या ओसाड उतारावर चार बांबू रोवून राहिली. अंगणातच तिने नवऱ्याला पुरले आणि उशाशी मला खोचले. त्या बेटावर तशी रीतच आहे. रंगीत पानांचे झाड कबरीवर लावायचे, म्हणजे खाली आपले माणूस आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते. असे झाड कुणी उपटत नाही.

तिथे ना कुंडी ना झारी. दगडांत मुळे घालायला मी आपला आपण शिकलो. झिपोराने सुरण लावला, नीरफणस लावला, कोंबड्या पाळल्या. मी माझ्या आईच्या दुप्पट उंच झालो. हो, बढाईच मारतोय. मारणारच!

मग केळ्यांना भाव आला आणि मळ्याला तो ओसाड उतार आठवला. कारभाऱ्याला सगळे बुशा म्हणत. तो घोड्यावरून आला.

"ए म्हातारे, सामान उचल. ही जागा मळ्याची आहे."

"चौदा वर्षं राहतेय मी इथं," झिपोरा म्हणाली. "बारा वर्षं कुणी हटकलं नाही, तर जागा राहणाऱ्याची. कायदा आहे तुमचाच."

"चौदा? पाचसुद्धा नसतील. आण साक्षीदार!"

साक्षीदार कुठून आणणार? शेजारीपाजारी सगळे मळ्यावर राबणारे. झिपोराच्या बाजूने बोलेल त्याचे काम जाईल. सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले.

बुशाने झेफा नावाच्या गड्याला माझ्याकडे बोट दाखवले. "ते झुडूप काढ आधी."

झेफा जागचा हलला नाही. "बुशा, त्याच्याखाली उरिया आहे. काढायचंच तर तुम्ही काढा."

बुशाने स्वतः कोयता उचलला. माझ्या जवळ आला आणि थबकला. माझी पाने त्याने ओळखली होती. तो हसला. "हे तर बाईसाहेबांचं! चोरटी कुठली. आता तर तुरुंगातच जाशील."

मित्रांनो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा! बुशाने कोयता खाली ठेवला आणि माझ्यासाठी न्यायाधीशच बोलावला.

आठवड्याने न्यायाधीश उतारावर आले. बाईसाहेब घोडागाडीतून आल्या. कमरेला कात्री लटकत होती. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"माझाच! साऱ्या बेटावर असं पान फक्त माझ्याकडे आहे. तीन बक्षिसं आहेत याच्या आईला."

"मग ही फांदी चोरली कधी असेल?" न्यायाधीशांनी विचारले.

"कधी म्हणजे? मला दिवससुद्धा ठाऊक आहे! वादळात मोडली ती. त्यानंतर त्या झाडाला मी कुणाला बोट लावू दिलेलं नाही. कात्री बघा, माझ्याच कमरेला असते."

न्यायाधीश बोटांवर मोजू लागले. "वादळाला चौदा वर्षं झाली."

बुशाला ठसका लागला. "साहेब, फांदी हिनं मागाहून लावली असेल..."

"मोडलेली फांदी पंधरा दिवसांत वाळते, कारभारी. चौदा वर्षं काय ट्रंकेत घडी घालून ठेवली होती तिनं?"

"पण चोरी तर केली!" बाईसाहेब म्हणाल्या. "मी जाळायला सांगितली होती!"

"जाळायला दिलेल्या वस्तूची चोरी होत नाही, बाईसाहेब. जागा हिची."

माणसे ओरडली, झेफाने टोपी उडवली. बाईसाहेब मात्र मला सोडायला तयार नव्हत्या. "जागा घे, माझं झाड दे. दोन दिवस रडले होते मी त्याच्यासाठी."

झिपोरा शांतपणे म्हणाली, "त्याच वादळात माझा माणूस तुमच्या कुंडीखातर मेला. त्याच्यासाठी रडला होतात?"

बाईसाहेब वळून घोडागाडीत बसल्या. गाडी उतार उतरून गेली.

पुढे दोन वर्षांनी माझी आई कुंडीत कुजून गेली. पाणी जास्त झाले म्हणतात. बाईसाहेब पुन्हा चढून आल्या, या वेळी चालत. "एक फांदी दे गं," म्हणाल्या.

"माझ्याकडे मागू नका," झिपोरा कोंबड्यांना दाणे टाकत म्हणाली. "झाड त्याचं आहे. त्याला मागा. नाव घेऊन मागा."

बाईसाहेब कबरीसमोर उभ्या राहिल्या. ओठ हलले. मग अगदी हळू त्यांनी विचारले, "काय नाव होतं त्याचं?"

झिपोराने मान वर केली नाही. बाईसाहेब तशाच, रिकाम्या हाताने उतार उतरून गेल्या. मला तेव्हा आनंद झाला आणि तो मी लपवत नाही.

मित्रांनो, मला पाणी घाला म्हणत नाही. पाऊस आहे, मुळे आहेत, माझे माझे चालले आहे. मागणे एकच. एखाद्या सुंदर बागेत जाल तेव्हा पट्टीवरची झाडांची नावे जरूर वाचा, पण झारी घेऊन वाकलेल्या माणसालाही त्याचे नाव विचारा.

माझ्या माळ्याचे नाव उरिया होते.